बारा पॉइंट एक्केचाळीस

१

सोमवारी सकाळी सव्वाअकराला कर्वेनगरातल्या ऑफिसात संगणकाच्या पडद्यावर दोन आकडे उमटले, आणि नागोराव तायडे यांनी तोंडाशी नेलेला चहा तसाच खाली ठेवला.

तायडे, १२.१५ टक्के कमी. त्याच्या खाली गेनबा भाडळे, १२.४१ टक्के कमी.

काम मुलींच्या सरकारी वसतिगृहाचं होतं, दहा कोटींचं. अशा टेंडरात विटा-वाळूचे वेगवेगळे दर भरायचे नसतात. सरकारने जो खर्च काढलाय त्यापेक्षा आपण किती टक्के कमीत काम करून देऊ, एवढा एकच आकडा भरायचा. जो जास्त खाली जाईल, काम त्याचं. मात्र फार खाली गेलात तर घरचं घालून इमारत उभी करावी लागते, आणि कमी गेलात तर ती दुसराच कुणीतरी उभी करतो. या दोन्हींच्या मधली बोटभर जागा शोधून काढण्यासाठी हेमा रणपिसे या बाईला गेली बावीस वर्षं पगार मिळत होता.

"गेनबाला मी तीस वर्षं ओळखतो," नागोराव म्हणाले. "तो नऊ भरतो, दहा भरतो, बारा भरतो. टक्क्यानंतर पॉइंट असतो, हे त्याला कुणीतरी शिकवलेलं दिसतंय. बदलण्याआधीचा, गुरुवारचा आपला आकडा काय होता?"

"बारा चाळीस," हेमा म्हणाली.

"आणि त्याचा बारा एक्केचाळीस. एका पॉइंटाने खाली." त्यांनी चष्मा काढला. "गुरुवारचा आकडा तिघांना माहीत होता. मला, तुम्हाला आणि तिला. मी माझं टेंडर विकलं नाही. तुम्हाला विकायचंच असतं तर बावीस वर्षं थांबला नसता."

उरली कोण, ते सांगायची गरज नव्हती. दोघांनीही पलीकडच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं. तिथे पूर्वा मेश्राम मान खाली घालून काहीतरी टाइप करत होती.

"उद्या संध्याकाळपर्यंत मला नाव हवं, हेमाताई. कारणांसकट. पोरीला घरी पाठवायचं तर खात्रीने पाठवू. एकदा का ती आकडे विकणारी म्हणून बाहेर पडली, की पुण्यातला एकही ठेकेदार तिला दारात उभी करणार नाही."

हेमाला आनंद झाला. असं सांगणं शोभत नाही, पण झाला खरा.

आठ महिन्यांपूर्वी ही पोरगी खराडीतल्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतून इथे आली. वय सत्तावीस. नागपूरची, म्हणजे अकोल्याच्या साहेबांच्या दृष्टीने जवळजवळ गाववालीच. आल्या आल्या तिला केबिन झाली. हेमा दहा वर्षं केबिन मागत होती, आणि दहा वर्षं 'जागा कुठेय?' हे उत्तर ऐकत होती. पूर्वासाठी जागा निघाली, एसी निघाला, आणि हेमाच्या टेबलाशेजारचा स्कॅनरही उचलून त्या केबिनमध्ये गेला. पगार आपल्यापेक्षा आठ हजारांनी जास्त आहे, ही बातमी अकाउंटंट बद्रीनाथने न विचारता पुरवली. त्या दिवसापासून हेमाने केबिनचा उंबरठा ओलांडला नव्हता. काही सांगायचं असलं तर मेल करायची. अंतर बारा पावलांचं होतं.

आज मात्र ती उठली, साडीचा पदर सारखा केला आणि ती बारा पावलं चालत गेली.

२

"या ना मॅडम!" पूर्वा चक्क उभी राहिली. "बसा. मी एसी कमी करू?"

हा चांगुलपणाच हेमाच्या डोक्यात जायचा. उर्मट असती तर निदान मोकळेपणी राग तरी धरता आला असता.

"बसायला आले नाही. गुरुवारी आकडा ठरला तेव्हापासून शुक्रवारी टेंडर भरेपर्यंत तू कुणाशी बोललीस?"

पूर्वाचा चेहरा उतरला. पोरगी हुशार होती, विचारण्यामागचं तिला लगेच कळलं. "गुरुवारी ऑफिसमधून डायरेक्ट साइटवर गेले. तिथून रूमवर. आईचा फोन आला होता. बास. मॅडम, सरांना माझ्यावर डाउट आहे का?"

"साइटवर? कशाला? एस्टिमेट तर झालं होतं."

"तुमच्या शीटमध्ये पायाची खोदाई मुरुमात धरली होती. मला ते चेक करायचं होतं. शेजारच्या प्लॉटवर खोदकाम चालू होतं, तिथे सहा फुटांवर काळा दगड लागलाय. म्हणजे आपल्याकडेही ब्रेकर लावावा लागणार. मी रात्री हिशोब केला. अडीच लाखांचा फरक पडत होता."

हेमाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. साइट पाहायला ती स्वतः जाणार होती. गुडघा दुखतो म्हणून राहून गेलं होतं. त्या एका दिवसाच्या आळसावर या पोरीने नेमकं बोट ठेवलं होतं, तेही आवाज न चढवता.

"आणि मग?"

"मग शुक्रवारी साडेअकराला सरांना सांगितलं. बारा चाळीस परवडणार नाही, बारा पंधराच भरू या." तिने ओठ चावला. "आकडा बदलायला मीच सांगितलं, मॅडम."

हेमाला शुक्रवारी साहेबांचा फक्त दोन शब्दांचा फोन आला होता, 'बारा पंधरा'. का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने रागाने विचारलंही नव्हतं. आता सगळं लख्ख दिसायला लागलं. गुरुवारी आकडा गेनबाला विकायचा आणि शुक्रवारी आपलंच टेंडर महाग करून ठेवायचं, म्हणजे गेनबाचा विजय पक्का!

"टेंडर तूच अपलोड केलंस?"

"हो. ड्राफ्टचं स्कॅन तुम्ही मेलवर पाठवलं होतं, ते जोडलं आणि एक वाजता सबमिट केलं."

हेमा केबिनबाहेर पडली ती जवळजवळ तरंगतच. नाव मिळालं होतं, कारणंही मिळाली होती. साहेबांच्या दारापर्यंत गेली आणि तिथे थबकली. बावीस वर्षांच्या सवयीने पाय अडवले. एस्टिमेट हातावेगळं करण्याआधी बेरीज उलट्या बाजूने तपासायची, ही तिची सवय. काळ्या दगडाने तिला एकदा तोंडावर पाडलं होतंच. या खेपेला एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, असं तिने ठरवलं.

राहिलेले रकाने दोनच होते.

३

त्या रकान्यांसाठी एक अट समजून घ्यावी लागेल. या टेंडरात दहा टक्क्यांपेक्षा जेवढं खाली जाल, तेवढ्या टक्क्यांची जादा अनामत बँक ड्राफ्टने भरायची होती आणि ड्राफ्टचं स्कॅन टेंडरसोबत जोडायचं होतं. रक्कम जास्त झाली तर चालायचं, कमी नाही. दहा कोटींचं काम, म्हणजे एका टक्क्याला दहा लाख. ज्याला ड्राफ्टची रक्कम कळली त्याला आकडा कळला. शाळकरी पोरालाही जमेल असा हिशोब.

नागोरावांना हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून ते ड्राफ्ट नेहमी दोन काढायचे. एक कंपनीच्या खात्यातून, तो बद्रीनाथ आणायचा. दुसरा पत्नी सत्यशीलाबाईंच्या खात्यातून, वेगळ्या बँकेतून, तो पुतण्या चेतन आणायचा. पूर्ण रक्कम एका हातात द्यायची नाही. दुसऱ्या ड्राफ्टबद्दल पहिल्याला अवाक्षर सांगायचं नाही. दोघंही आपापलं पाकीट चिकटवून हेमाच्या टेबलावर ठेवायचे.

बद्रीनाथ काबरा कपाटात डोकं घालून बसला होता.

"काबराजी, आपण का हरलो असं वाटतं तुम्हाला?"

"मला कोण विचारतंय, ताई? मी कारकून माणूस." तरी तो वळलाच. त्याला बोलायला निमित्त लागायचं नाही. "तुम्हाला म्हणून सांगतो, साहेब भित्रे झालेत. अकरा चाळीसवर कुणी काम देतं का आजकाल? अजून एक टक्का उतरले असते तर गेनबा हात चोळत बसला असता."

"अकरा चाळीस तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? चौदा लाखांचा ड्राफ्ट मीच नाही का आणला? सगळ्यांना वाटतं बद्रीनाथला काही कळत नाही."

चेतन पार्किंगमध्ये मोबाइल चाळत होता. त्याचं दुःख वेगळंच होतं.

"काका मला फक्त पाकिटं आणायला ठेवतात, हेमाताई. त्या पूर्वाला मीटिंगमध्ये बसवतात, मला नाही. घरचा असून! मी असतो ना तर सांगितलं असतं, अकरा टक्के म्हणजे लॉसच आहे, बॉस. गेनबा किती गेला? बारा? साडेबारा?"

"बारा एक्केचाळीस."

"बाप रे! दीड टक्का फरक? मग लीक झालं म्हणतात ते कसलं? आपण हरणारच होतो."

एकजण अकरा चाळीस म्हणत होता, दुसरा अकरा. दोघांनाही वाटत होतं आपल्याला सगळा आकडा कळलाय, आणि दोघंही चुकले होते. दोघं नाटक करतायत म्हणावं, तर पडद्यावरचा बारा पंधरा पाहायचेही कष्ट दोघांनी घेतले नव्हते. शिवाय दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत. चेतन आपल्या खुर्चीवर टपलाय असं बद्रीनाथला वाटायचं, आणि बद्रीनाथ काकांचे कान भरतो असं चेतनला. ते एकत्र बसून बेरीज करणं शक्य नव्हतं.

म्हणजे पुन्हा पूर्वाच. हेमाने समाधानाने श्वास सोडला आणि शेवटचा फोन लावला, वाघोलीला, थेट गेनबाला. जिंकलेल्याचं अभिनंदन करायचं आणि त्याच्या खुशीत एखादा शब्द निसटतो का पाहायचं, एवढाच बेत होता.

"अभिनंदन कसलं करताय बाई?" गेनबा खुशीत नव्हताच. तो करवादला, "अडीच लाखाला बुडालो न्हवं मी! तुमी बारा पंधराला हाय हे आज कळतंय. आधी कळलं असतं तर कशापायी येवढं खाली..."

आणि तो एकदम गप्प झाला. मग फोनच ठेवला.

४

हेमाने कोरा कागद ओढला. नेहमीसारख्या दोन बाजू आखल्या.

डाव्या बाजूला लिहिलं, 'गेनबाला काय माहीत होतं?' बारा चाळीस. उजव्या बाजूला लिहिलं, 'काय माहीत नव्हतं?' बारा पंधरा.

मग ती पेन हातात धरून नुसती बसली. समजा पूर्वाने आकडा विकला. शुक्रवारी साडेअकराला आकडा बदलला, तो तिच्याच तोंडून. टेंडर भरायची मुदत तीनपर्यंत होती, आणि गेनबाने भरलं दोन पन्नासला, ती वेळही पडद्यावर दिसत होती. साडेतीन तासांत एक फोन होत नाही? तो झाला असता तर गेनबाने बारा सोळा भरलं असतं. काम मिळालंच असतं आणि वर अडीच लाख खिशात राहिले असते. गेनबा हा मजुरांच्या चहात साखर मोजून घालायला लावणारा माणूस. आणि ती पोरगी, आकडा विकून झाल्यावर शेजारच्या प्लॉटवरचा खड्डा बघायला कशाला गेली असती?

छे. ज्याने गेनबाला सांगितलं त्याला गुरुवारचा आकडा ठाऊक होता आणि शुक्रवारचा नव्हता. पूर्वाला दोन्ही ठाऊक होते.

पूर्वाने हे केलेलं नव्हतं.

हेमाला वाईट वाटलं. कुणी निर्दोष ठरल्यावर माणसाला हायसं वाटायला हवं, तिला चक्क हातची वस्तू हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. तिने कागद चुरगाळला आणि थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा सरळ केला.

मग गुरुवारचा आकडा कुठून गेला? कुणी सांगितला नसेल तर कुणीतरी ड्राफ्ट पाहिले. पण चौदा लाखांचा एकटा पाहून अकरा चाळीस निघतात, दहा लाखांचा एकटा पाहून अकरा. बारा चाळीस काढायला दोन्ही ड्राफ्ट एका वेळी डोळ्यांसमोर हवेत. बद्रीनाथने दुसरा पाहिला नाही, चेतनने पहिला पाहिला नाही. बँका वेगळ्या. केबिनमध्ये तर ड्राफ्ट गेलेच नाहीत, गेलं ते मेलवरचं स्कॅन.

दोन्ही ड्राफ्ट एकत्र आले ते फक्त एका टेबलावर. तिच्या.

टेबलावरून ते कुठे गेले, हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती.

५

टेंडरचा कागद ऑफिसबाहेर न्यायचा नाही, हा साहेबांचा जुना दंडक. स्कॅनर घेतला तोही त्यासाठीच. पण तो स्कॅनर आता पूर्वाच्या केबिनमध्ये होता. 'पूर्वा, जरा स्कॅन करू का?' एवढं विचारावं लागलं असतं. हेमा आठ महिने ते विचारत नव्हती. ती जिना उतरायची, कोपऱ्यावरच्या दत्तोबाच्या झेरॉक्सच्या दुकानात जायची आणि दहा रुपये देऊन स्कॅन करून आणायची.

मंगळवारी सकाळी ती तिथे गेली, तेव्हा दत्तोबा त्याच्या नेहमीच्या पाटीखाली बसला होता. 'विसरलेल्या कागदांची जबाबदारी विसरणाऱ्याची. चर्चा नको.'

"दत्तोबा, गुरुवारी मी दोन ड्राफ्ट स्कॅन केले. ती फाइल कुठे आहे?"

"कुठे जाणार? इथेच." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर चाळीस-पन्नास फाइली पसरल्या होत्या, प्रत्येकीवर गिऱ्हाइकाचं नाव. मधोमध एक होती, 'तायडे हेमा मॅडम २ ड्राफ्ट'.

"ही अशी उघड्यावर?"

"मग काय मखरात ठेवू? गिऱ्हाईक येतं, आपली फाइल दाखवतं, मी पाठवतो. घाई असली तर आपापलं माउस धरतात."

"गुरुवारी माझ्यानंतर कोण आलं होतं?"

"बाई, टेंडर भरायला लागतात त्या डिजिटल सह्या मी करून देतो. निम्म्या पुण्याचे ठेकेदार येतात इथे. तुम्हाला माहीत नाही असं नाही." त्याने तरी डोकं खाजवलं. "वाघोलीची ती सोनाली आली होती, भाडळ्यांकडची. त्यांची सही रिन्यू करायची होती. मी जेवायला गेलो होतो, ती बसली होती इथेच." त्याने हेमाकडे नीट पाहिलं. "काय झालं? पाणी देऊ का?"

"नको. ती फाइल काढून टाका."

"आता काढतो. पण एक विचारू? तुमच्या ऑफिसात स्कॅनर आहे ना? मीच तर दुरुस्त केला होता मागे."

हेमाने दहाची नोट काउंटरवर ठेवली. कशाचे पैसे ते दत्तोबाने विचारलं, पण ती दुकानाबाहेर पडली होती.

६

सोनालीने ती फाइल उघडली, हे सिद्ध करणं कुणाच्याच हातात नव्हतं. म्हणजे हेमा गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. संध्याकाळपर्यंत ती आपल्या टेबलावर बसून राहिली आणि तिने हा विचार सगळ्या बाजूंनी करून पाहिला. साहेबांना नुसतं 'पूर्वाने आकडा बदलायला लावला' एवढंच सांगायचं. ते खोटंही नव्हतं. केबिन रिकामी होईल. बावीस वर्षांचं नाव शाबूत राहील. मान हलवली की झालं.

साडेपाचला साहेबांनी दोघींनाही आत बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेलं पत्र पालथं पडलं होतं. पूर्वाचे डोळे सुजले होते. तिला पत्र कसलं ते माहीत असावं.

"बोला, हेमाताई. नाव."

"हेमा रणपिसे," ती म्हणाली.

नागोरावांना वाटलं, ती सुरुवात करतेय. ते थांबले. मग तिने सगळं सांगितलं, क्रमाने, एस्टिमेट वाचून दाखवावं तसं. अडीच लाख, साडेतीन तास, दोन ड्राफ्ट, एक टेबल, दत्तोबाचा पडदा. साहेबांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सगळं संपल्यावर विचारला, तो एकच.

"स्कॅनर बारा पावलांवर होता. तिथे का नाही गेलात?"

बरोब्बर हाच प्रश्न तिला नको होता. तिने पूर्वाकडे पाहिलं नाही, पण बोलली ती तिच्याच समोर. "हिला विचारावं लागलं असतं म्हणून. मी हिच्यावर जळत होते, साहेब. काल हिचं नाव निघालं तेव्हा मला आनंद झाला होता. नंतर ही सुटली तेव्हा वाईट वाटलं. एवढ्यासाठी दहा कोटींचं काम मी दहा रुपयांत उघड्यावर टाकलं."

पूर्वा काहीतरी समजुतीचं बोलेल असं हेमाला वाटलं होतं. "मी काल रात्रभर झोपले नाहीये, मॅडम," एवढंच ती म्हणाली आणि उठून गेली. तिचं चुकलं नव्हतं.

नागोरावांनी पत्र फाडलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "पुढचं टेंडर अठरा तारखेला आहे. एस्टिमेट पूर्वा करेल. तुम्ही तपासायचं. ती सांगेल ते, ती सांगेल तेव्हा. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

"चालेल," हेमा म्हणाली. एकावन्नाव्या वर्षी न चालून जायचं कुठे?

सहाला ऑफिस सुटलं. जिन्यात पूर्वा दोन पायऱ्या पुढे होती, फोन कानाला लावून. "हो गं आई, मिटलं. अगं, मी काहीच केलं नव्हतं. थांब, सगळं सांगते तुला, पहिल्यापासून." ती हसत होती, रडतही होती.

हेमा कठड्याला धरून मागेच थांबली. घरी नवरा विचारणार होता, टेंडरचं काय झालं, कोण निघालं. तिला पुन्हा एकदा त्या पोरीचा हेवा वाटला. आजवर पगाराचा वाटायचा, केबिनचा वाटायचा. आज एवढाच वाटला, की ती घरी सगळं पहिल्यापासून सांगू शकत होती.